सरोगसी कायदा: आई कोण हे ठरले, ओझे कोणावर हे कोण ठरवणार?

लग्नाला आठ-दहा वर्षे झाली, दोघेही नोकरीला, सिडकोचे घर आहे, हप्ते चालू आहेत, पण घरात मूल नाही. खांदा कॉलनीत, कामोठ्यात, कळंबोलीत असे जोडपे आपल्या ओळखीत असतेच. टेस्ट ट्यूब बेबीचे दोन-तीन प्रयत्न फसले की कोणीतरी सुचवते, "सरोगसी करा." मग दुसरा कोणीतरी सांगतो, "आता बंदी आली." तिसरा हळूच म्हणतो, "माझ्या ओळखीत एक बाई आहे, स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ."

तिघांपैकी पहिल्याचा सल्ला अर्धवट आहे, दुसऱ्याची माहिती चुकीची आहे आणि तिसऱ्याचा सल्ला तुरुंगापर्यंत नेऊ शकतो.

सरोगसीवर सरसकट बंदी नाही. पैसे देऊन केलेल्या सरोगसीवर बंदी आहे. परोपकारी सरोगसीला अटींसह परवानगी आहे. मूल कोणाचे, हा प्रश्न कायद्याने स्पष्ट सोडवला आहे. मात्र नऊ महिने पोटात मूल वाढवणाऱ्या स्त्रीचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने अर्धवट सोडले आहे. आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी या दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. या व्यवहारात आपल्या समाजातली माणसे मूल हवे असणाऱ्यांच्या बाजूला असतात, तशीच कूस देणाऱ्यांच्या बाजूलाही असतात.

नवी मुंबईतील एक खटला

ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नवी मुंबईतील एका कौटुंबिक वादात निर्णय दिला. एका जोडप्याला मूल होत नव्हते. पत्नीच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिले, दुसऱ्या स्त्रीने सरोगेट म्हणून गर्भ वाढवला आणि २०१९ मध्ये जुळ्या मुली जन्मल्या. पुढे पती-पत्नीत बिनसले. पती मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि बीज देणारी मेहुणीही त्याच घरात राहू लागली. पत्नीने मुलींना भेटण्याची मागणी केली, तेव्हा पतीने युक्तिवाद केला की बीज मेहुणीचे आहे, म्हणून जैविक आई तीच.

नवी मुंबईतील खालच्या न्यायालयाने पत्नीचा भेटीचा अंतरिम अर्ज फेटाळला होता. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. न्या. मिलिंद जाधव यांनी स्पष्ट केले की बीज देणारी स्त्री फार तर आनुवंशिक माता म्हणता येईल, पण त्यावरून तिला पालक म्हणून कोणताही कायदेशीर हक्क मिळत नाही. सरोगसीचा करार २०१८ चा होता, म्हणजे आजचा कायदा येण्यापूर्वीचा. त्यामुळे न्यायालयाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला. त्या सूचनांनुसार दात्याला मुलावर हक्क नसतो. मूल हवे म्हणून करार करणारे पती-पत्नीच पालक ठरतात. पत्नीला दर आठवड्याच्या अखेरीस तीन तास मुलींना भेटण्याची मुभा मिळाली.

निकाल तिच्या बाजूने लागला, पण तोपर्यंत मुलींच्या बालपणाची वर्षे निघून गेली होती. घरातलीच बहीण दाता आहे, म्हणून सगळे सुरक्षित, असे समजण्यात अर्थ नाही, हे या खटल्यातून दिसते. नाते जितके जवळचे, तितके कागद पक्के असायला हवेत.

बाजारापासून बंदीपर्यंत

या शतकाच्या सुरुवातीला भारत हे सरोगसीचे जागतिक केंद्र बनले होते. गुजरातमधील आणंद, मुंबई, दिल्ली, हैदराबाद येथे परदेशी जोडपी येत. २००८ मध्ये एका जपानी जोडप्यासाठी आणंदमध्ये सरोगसी झाली, पण बाळ जन्मण्याआधीच जोडप्याचा घटस्फोट झाला आणि त्या बाळाच्या ताब्याचा व कागदपत्रांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये विधी आयोगाने आपल्या २२८ व्या अहवालात कायदा करण्याची शिफारस केली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने परदेशी नागरिकांसाठी भारतातील सरोगसी बंद केली.

या बाजारात कूस आणि बीज पुरवणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? बहुतेक गरीब. घरकाम करणाऱ्या, कारखान्यात किंवा भंगाराच्या गोदामात राबणाऱ्या, नवऱ्याचे काम सुटलेल्या, कर्जात अडकलेल्या. २०१० मध्ये मुंबईत स्त्रीबीज दिल्यानंतर दोनच दिवसांत एका १७ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. ती भंगाराच्या दुकानात काम करत होती. ती कायद्याने सज्ञानही नव्हती. तिच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

अखेर डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने दोन कायदे मंजूर केले. एक सरोगसी (नियमन) कायदा आणि दुसरा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा. दोन्ही जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. पहिला सरोगसीपुरता आहे. दुसरा आयव्हीएफ केंद्रे, बीज व शुक्राणू बँका आणि दाते यांच्यासाठी आहे.

खांदा कॉलनीतल्या जोडप्याला काय करावे लागेल?

समजा, खांदा कॉलनीतील एक जोडपे कायद्याने सरोगसी करू इच्छिते. त्यांचा प्रवास साधारण असा असेल.

पहिली गोष्ट पात्रतेची. जोडपे भारतीय आणि कायदेशीर विवाहित हवे. पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ हवे. त्यांना आधीचे हयात अपत्य नसावे. ते पोटचे, दत्तक किंवा सरोगसीतून झालेले, कसेही असले तरी चालत नाही. अपवाद एवढाच की मूल मतिमंद, अपंग किंवा जीवघेण्या असाध्य आजाराने ग्रस्त असेल. एकट्या स्त्रीपैकी फक्त विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला, तेही ३५ ते ४५ या वयात, सरोगसी करता येते.

दुसरी गोष्ट वैद्यकीय गरजेची. गर्भाशय नसणे किंवा काढून टाकलेले असणे, आयव्हीएफचे वारंवार अपयश, वारंवार गर्भपात, किंवा गर्भारपण जिवावर बेतेल असा आजार अशी कारणे ग्राह्य आहेत. हे जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित करावे लागते. आपला जिल्हा रायगड, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय अलिबागला. म्हणजे पनवेलच्या कितीही मोठ्या खासगी रुग्णालयाची फाइल हातात असली, तरी वडखळमार्गे अलिबागची वाट धरण्याची तयारी ठेवावी.

तिसरी गोष्ट न्यायालयाची. होणाऱ्या मुलाचे पालकत्व आणि ताबा याबाबत प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा किंवा त्यावरील न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी जोडपे आणि सरोगेट माता दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. हा आदेश प्रक्रियेच्या सुरुवातीलाच घ्यायचा. याच आदेशाच्या आधारावर पुढे जन्माची नोंद होते. नोटरीचा कागद या आदेशाची जागा घेऊ शकत नाही.

चौथी गोष्ट विम्याची. सरोगेट मातेसाठी ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो, कारण बाळंतपणानंतरचे त्रास लगेच संपत नाहीत. हे सगळे झाल्यावर समुचित प्राधिकाऱ्याकडून दाखले मिळतात, आणि नोंदणीकृत सरोगसी केंद्रातच पुढची प्रक्रिया करता येते.

सरोगेट मातेच्याही अटी आहेत. ती विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे अपत्य असलेली, २५ ते ३५ वयाची हवी. तिला आयुष्यात एकदाच सरोगेट होता येते. तिचे स्वतःचे बीज वापरता येत नाही. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी तिला संमती मागे घेण्याचा हक्क आहे. तिची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. तिला गर्भपात करायला कोणीही भाग पाडू शकत नाही.

आणि पैसे? वैद्यकीय खर्च, नियमांत सांगितलेला खर्च आणि विमा सोडून सरोगेटला काहीही देता येत नाही. पैसे देऊन सरोगसी करू पाहणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. असा धंदा चालवणाऱ्या केंद्राला, डॉक्टरला, दलालाला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. "ओळखीतली बाई" आणि "स्टॅम्प पेपर" या सल्ल्याचा शेवट इथे होतो.

नियम बदलत राहिले

१४ मार्च २०२३ रोजी केंद्राने नियम बदलून सरोगसीत दात्याचे बीज किंवा शुक्राणू वापरायला मनाई केली. ज्या स्त्रीच्या शरीरात बीज तयारच होत नाही, तिच्यासाठी दारच बंद झाले. जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका स्त्रीला ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. त्यानंतर २१ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियम पुन्हा बदलला. आता पती-पत्नीपैकी एकाला वैद्यकीय अडचण असल्याचे जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केले, तर दात्याचे बीज किंवा शुक्राणू वापरता येतात. मात्र दोघांपैकी किमान एकाचे तरी असलेच पाहिजे. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला मात्र स्वतःचेच बीज वापरावे लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला. ज्या जोडप्यांनी कायदा लागू होण्यापूर्वीच भ्रूण तयार करून गोठवून ठेवले होते, त्यांना कायद्यातील वयोमर्यादा मागे जाऊन लावता येणार नाही. नैसर्गिकरीत्या मूल होऊ देणाऱ्या जोडप्याला राज्य वय विचारत नाही, मग यांनाच का, असा मुद्दा त्यात होता.

तरीही बरेच लोक दाराबाहेर आहेत. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लग्नाविना एकत्र राहणारे जोडपे आणि समलिंगी जोडपी यांना सरोगसी करता येत नाही. अविवाहित स्त्रीला दुसऱ्या कायद्याखाली दात्याच्या शुक्राणूने स्वतः गर्भ धारण करता येतो. पण तिचे गर्भाशय काढलेले असेल तर तिच्यासाठी सरोगसीचा मार्ग नाही. विवाह हा पालकत्वाचा परवाना मानायचा का, हा वाद आज ना उद्या निकाली निघावा लागेल.

आपले कागद, आपले प्रश्न

बौद्ध कुटुंबांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात.

पहिली, विवाह नोंदणी. आपले बहुतेक विवाह विहारात किंवा सभागृहात, भन्ते किंवा बौद्धाचार्यांच्या उपस्थितीत होतात. भारतीय बौद्ध महासभेचा दाखलाही मिळतो. तो विधी झाल्याचा पुरावा आहे. पण सरकारी विवाह नोंदणी वेगळी, आणि ती पनवेल महानगरपालिकेत किंवा संबंधित निबंधकाकडे करावी लागते. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी जुनी आहे. ती पूर्ण होईपर्यंत आपल्या विवाहांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे, हे कितीही खटकले तरी वास्तव आहे. "कायदेशीर विवाहित" ही सरोगसीची पहिली अट. दहा वर्षे संसार केलेल्या जोडप्याकडे नोंदणीचा दाखला नसेल, तर फाइल पहिल्याच टेबलावर अडकेल.

दुसरी, जातीचा दाखला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. मग बीज दात्याचे असेल किंवा मूल सरोगेटच्या पोटी जन्मले असेल, तर त्या मुलाला दाखला मिळेल का? सरोगसी कायदा म्हणतो की असे मूल इच्छुक जोडप्याचे जैविक अपत्य मानले जाईल आणि कोणत्याही कायद्याखाली नैसर्गिक अपत्याला मिळणारे सर्व हक्क त्याला मिळतील. या शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर त्या मुलाचा जातीचा दाखला, वारसा आणि शिष्यवृत्ती हे सगळे त्याच्या कायदेशीर आईवडिलांच्या कागदांवरूनच ठरायला हवे. दाता कोण, सरोगेट कोणत्या समाजाची, हे विचारण्याचा अधिकार दाखला देणाऱ्या कार्यालयाला नाही. असा प्रश्न कोणी विचारला तर न्यायालयाचा पालकत्व आदेश आणि जन्म दाखला पुढे ठेवावा. म्हणूनच तो आदेश जपून ठेवायचा, मूल कमावते झाल्यावरही.

याची उलट बाजूही आहे. बीज किंवा शुक्राणू घेताना "दाता कोणत्या जातीचा?" असे विचारणारे लोक आहेत, हे उघड गुपित आहे. १९५६ च्या दीक्षेनंतर जन्मलेल्या पिढ्यांनी तरी हा प्रश्न तोंडातून काढू नये. जात रक्तात असते, हे नाकारूनच आपण इथवर आलो आहोत.

सिद्धार्थाला जन्म देऊन महामाया सात दिवसांत गेली. त्याला वाढवले तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने, आणि पुढे भिक्खुणी संघ तिच्यामुळेच उभा राहिला. आपल्याकडे आईपण फक्त पोटातल्या नात्याने मोजले गेलेले नाही. दत्तक घेणाऱ्या किंवा सरोगसीने मूल झालेल्या आईला "खरी आई" नसल्याचा टोमणा आपल्या वस्तीत तरी ऐकू येऊ नये.

ओझे कोणावर?

आता त्या दुसऱ्या स्त्रीकडे येऊ. कायद्याने बाजार बंद केला हे चांगले झाले. गरिबीचा फायदा घेणारे दलाल, बाळंतपणानंतर वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रिया, हे थांबायलाच हवे होते. कायद्यात एक चांगली तरतूदही आहे. सरोगसीबाबत गुन्हा घडला, तर त्या स्त्रीला पती, नातेवाईक किंवा जोडप्याने भाग पाडले असे न्यायालय गृहीत धरते. ती आरोपी नसून पीडित आहे, हा विचार त्यामागे आहे.

पण डॉक्टर फी घेतो, केंद्र पैसे घेते, वकील घेतो, विमा कंपनी हप्ता घेते. फक्त जी नऊ महिने शरीर झिजवते, तिने मात्र परोपकार करायचा. २०१७ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या १०२ व्या अहवालात याच मुद्द्यावर बोट ठेवले होते आणि स्त्रीला योग्य मोबदला मिळावा अशी शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही. २०२० च्या राज्यसभेच्या प्रवर समितीमुळे "जवळची नातेवाईक" ही अट जाऊन "इच्छुक स्त्री" हे शब्द आले आणि विम्याचा काळ १६ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर गेला. मोबदल्याचा प्रश्न तिथेच राहिला.

व्यवहारात काय होते? पैसे घेता येत नाहीत, म्हणून बाहेरची स्त्री सहसा पुढे येत नाही. मग नजर घराकडे वळते. विधवा वहिनी, माहेरी परतलेली नणंद, आर्थिकदृष्ट्या भावावर अवलंबून असलेली बहीण, गावाकडची चुलत बहीण. "घरातलीच तू, एवढे करशील ना?" या प्रश्नाला नाही म्हणण्याची ताकद किती जणींत असते? नोकरी बुडाली तर पगार कोण देणार? तिच्या स्वतःच्या मुलांकडे त्या काळात कोण बघणार? कायदा संमती मागतो, पण ती स्वयंपाकघरात कशी मिळवली गेली, हे कोणत्याही मंडळाच्या टेबलावर दिसत नाही.

या प्रश्नात बाबासाहेबांची भूमिका आपल्याला दिशा देते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळंतपण ही स्त्रीची खासगी अडचण नसून त्याचा भार समाजाने, मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला गेला, तेव्हाही स्त्रीच्या शरीरावर लादल्या जाणाऱ्या बाळंतपणाचा प्रश्न त्यांनी पुढे आणला. त्या विचाराने पाहिले, तर सरोगेट मातेचा बुडालेला रोजगार भरून देणे म्हणजे धंदा नव्हे. तो तिच्या श्रमाचा किमान मान आहे. धंदा बंद ठेवूनही हे नियमांत बसवता येईल.

रजेबाबत थोडी प्रगती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्येच सरोगसीने आई झालेल्या एका शिक्षिकेला प्रसूती रजेचा हक्क मान्य केला होता. जून २०२४ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा नियमांत, दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास, सरोगेट माता आणि मूल घेणारी आई या दोघींनाही १८० दिवसांची रजा मिळते. वडिलांना १५ दिवसांची रजा आहे. खासगी क्षेत्रात, स्वतःचे बीज वापरून सरोगसीने आई झालेल्या स्त्रीला १२ आठवडे रजा आहे. पण तळोजा एमआयडीसीत ठेकेदारीवर असलेल्या किंवा घरकाम करणाऱ्या सरोगेट स्त्रीला यातले काय मिळणार? तिच्यासाठी काहीच लिहिलेले नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

विवाह लावताना त्याच आठवड्यात नोंदणी करून घ्यायची सवय लावा. महिला मंडळाच्या बैठकीत या दोन कायद्यांवर एक तास द्या, आणि तिथे पुरुषांनाही बोलवा. मूल न होण्याचे कारण निम्मे पुरुषांत असू शकते, पण तपासणीच्या रांगेत फक्त सुना दिसतात.

कोणी जोडपे सल्ला मागायला आले, तर केंद्राची नोंदणी आहे का हे आधी बघायला सांगा. स्त्रीबीज दात्याबाबतही नियम आहेत. ती २३ ते ३५ वयाची हवी, आणि तिला आयुष्यात एकदाच बीज देता येते. वस्तीत मुलींना "दोन दिवसांचे काम, चांगले पैसे" असे सांगून कोणी नेत असेल, तर ते दान नाही. पोलिसांत जा.

आणि कोणी बहीण, वहिनी सरोगेट व्हायला तयार आहे असे सांगितले, तर तिच्याशी घरच्यांच्या अनुपस्थितीत एकदा बोला. तिला नाही म्हणता येईल का, एवढेच विचारा. उत्तर द्यायला ती अडखळली, तर तिच्या बाजूने उभे राहणे हे आपले काम आहे. मूल हवे असणाऱ्या जोडप्याचे दुःख खरे आहे. पण त्या दुःखावरचा उपाय दुसऱ्या स्त्रीच्या मुकेपणावर उभा राहू नये.